नॉटोवेचे खांब दिसले, माणसं दिसली नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या नॉटोवे वाड्यावरचा लेख वाचला. फोटो मस्तच, पण वाचताना सारखं वाटत होतं की हॉटेलचं ब्रोशरच मराठीत आणलंय की काय. लुइझियानात मिसिसिपीच्या काठी १८५९ साली बांधून झालेला वाडा, ६४ खोल्या, ५३ हजार स्क्वेअर फूट, आर्किटेक्ट हेन्री हॉवर्ड, पुढे हॉटेल झालं, लग्नं व्हायला लागली आणि १५ मे २०२५ ला आगीत गेला, हे सगळं आलं. मालक जॉन रँडॉल्फ मोठा ऊस बागायतदार होता हेही आलं.

अहो पण ऊस तोडत कोण होतं? १८६० च्या जनगणनेत या रँडॉल्फच्या नावावर १५५ गुलाम आहेत! वाड्याच्या विटा पण त्यांनीच हाताने थापून भाजलेल्या. आणि ऊसतोड म्हणजे काय हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको, त्यात तिकडे थंडीने ऊस खराब व्हायच्या आत तोडून, गाळून, रस आटवून मोकळं व्हायचं, म्हणून हंगामात काहिलीखालचा जाळ दिवसरात्र चालू, मजुरी शून्य, आणि सोडून जायची सोयच नाही, कारण माणूसच मालकाचा.

त्या खांबांचं कौतुक केलंत तेही अर्धंच वाटलं. ही ग्रीक देवळांची स्टाइल त्या काळी अमेरिकेत इतकी चालली त्याचं एक कारण म्हणजे नवा देश स्वतःला अथेन्सच्या लोकशाहीचा वारस समजत होता, आणि तेच खांब गुलाम राबवणाऱ्याच्या दारात. (तसे अथेन्समधे पण गुलाम होतेच म्हणा.)

वाडा जळाला याचं मला पण वाईट वाटलं, कारागिरी खरंच मोठी होती. आग लागली तेव्हा तिकडे सोशल मीडियावर बरेच लोक चक्क खूश झाले होते, ते का हे तुमच्या लेखावरून कुणालाच कळणार नाही.

त्याच नदीकाठी वॉलेस गावाजवळ व्हिटनी प्लँटेशन आहे, २०१४ पासून म्युझियम म्हणून खुलं, तिथे सगळी टूर गुलामांच्या बाजूने सांगतात, ग्रॅनाइटवर त्यांची नावं कोरलीयत. पुढच्या रविवारी त्यावर लिहा ना, आणि फोटो वाड्याचे थोडे कमी आणि त्या नावांचे जास्त टाका.

– एक नियमित वाचक, ह्यूस्टन