डेकची साल निघाली

सातारा,
१२ मे

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझे दिवाळीचे पत्र माझ्या टेबलाच्या खणात सहा महिने पडून आहे, आणि त्याबद्दल तू मला मनातल्या मनात जे काही म्हणाला असशील, ते सगळे मला मान्य आहे. माझी साखर ताब्यात आहे, गुडघा आहे तसाच आहे, सुमनला उन्हाळ्यात दम्याचा त्रास कमी असतो. तब्येतीचा विषय एवढ्यावर संपवू. आज लिहायला बसलो आहे तो लाजेपोटी, आणि ती लाज नेमकी कसली आहे हे कळणारा माणूस आता मिरजेतच काय तो उरला आहे. अण्णा मिस्त्री असते तर त्यांनाही सांगितले असते. पण त्यांनी पुरते ऐकून घेण्याआधीच हातातला रंधा माझ्यावर भिरकावला असता.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही मुकुंदकडे कॅनडात, ओटावाला होतो, हे तुला ठाऊक आहे. त्याच्या घरामागे सोळा फूट बाय बारा फुटांचा फळ्यांचा ओटा आहे, ज्याला ते लोक डेक म्हणतात. लाकूड पाइनचे, कीड आणि कूज लागू नये म्हणून दाबाखाली औषध मुरवलेले. वरचा जुना रंग उडाला होता, फळ्या करड्या पडल्या होत्या. मुकुंद म्हणाला, ‘बाबा, याला काहीतरी लावायला हवे, तुम्हीच निवडा.’ वखार बंद केल्यापासून लाकडाविषयी मला कोणी काही विचारलेले नव्हते, हे तुला सांगायला नको. मी त्या दिवशी नवरदेवासारखा तयार होऊन दुकानात गेलो.

तिथे डब्यांच्या चार रांगा होत्या. पहिली अगदी पारदर्शक, दुसरी अर्धपारदर्शक, तिसरी जवळजवळ झाकणारी आणि चौथी पूर्ण झाकणारी, म्हणजे दिसायला रंगच. जसजसे पुढे जावे तसतसे त्यात रंगद्रव्य वाढत जाते, आणि उन्हापासून लाकडाचा बचाव ते रंगद्रव्यच करते, कारण लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारे जे द्रव्य असते ते उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटत जाते आणि मग फळी करडी पडते. दुकानातल्या पोराने, जो तुझ्या नातवाहून मोठा नसेल, आधी लाकूड कोणते ते विचारले, मग जुना थर उरला आहे का ते विचारले आणि अर्धपारदर्शक, लाकडात मुरणाऱ्या तेलाच्या डब्यावर बोट ठेवले. मी मुकुंदच्या तोंडून त्याला कळवले की मी चाळीस वर्षे लाकडाची वखार चालवली आहे. पोरगा हसला आणि बाजूला झाला. मी बोटींना लावतात ते चकचकीत, बिनरंगी वार्निश उचलले आणि तीन हात मारले. वसंता, तीन हात! फळ्या अशा चमकल्या की शेजारीण कुंपणावरून पाहून गेली. त्या संध्याकाळी मला तुझी आठवण झाली, आणि खरे सांगतो, ती विजयाची आठवण होती. तुझ्या ताईच्या लग्नातल्या कपाटाला वार्निश लावण्यावरून आपण आठ महिने बोललो नव्हतो, त्या भांडणाचा निकाल मी ओटावाला परस्पर माझ्या बाजूने लावून टाकला.

एप्रिलमध्ये तिथला बर्फ उतरला. व्हिडिओ कॉलवर नातू म्हणाला, ‘आजोबा, डेकची साल निघाली,’ आणि त्याने मला एक डबा दाखवला, ज्यात त्याने त्या वार्निशचे पापुद्रे गोळा करून ठेवले होते. तळहाताएवढे, पिवळट, भाजलेल्या पापडासारखे फोड आलेले. फळ्यांवर जिथे तिथे काळपट ओल, आणि तिच्या कडेने उरलेले वार्निश, म्हणजे कातडीच्या रोगाचा नमुनाच. मुकुंद मागून एवढेच म्हणाला, ‘थंडीच तशी असते हो इथली.’ पुढे एक अक्षर नाही. त्याने चार शब्द सुनावले असते तर मी उलट सुनावले असते आणि मोकळा झालो असतो.

पहिले दोन दिवस मी दोष बर्फ ओढायच्या फावड्यावर ढकलला, कारण मुकुंदच्या फावड्याला लोखंडी पट्टी आहे, आणि पट्टीने वरचा थर खरवडतो हे खोटे नाही. नंतर पायऱ्यांवर टाकलेल्या मिठावर ढकलला. त्यावर सुमन म्हणाली की मीठ आणि तेल लावून तुम्ही ओट्याचे लोणचे घालायला हवे होते. तिसऱ्या दिवशी ढकलायला काही उरले नाही, तेव्हा मी शांतपणे विचार करू लागलो.

चूक कुठे झाली ते मला आता पुरते कळले आहे. जानेवारीत तिथे पारा उणे वीसच्याही खाली जातो, आणि माझी समजूत होती की मारते ती हीच थंडी. पण त्या थंडीत सगळे गोठून गप्प पडलेले असते. खरा घात मार्च-एप्रिलमध्ये होतो, जेव्हा दिवसा बर्फ वितळून पाणी खिळ्या-स्क्रूच्या भोकांतून, फळ्यांच्या कापलेल्या टोकांतून आणि खालच्या न रंगवलेल्या बाजूने आत शिरते, आणि रात्री तेच पाणी पुन्हा गोठते. गोठताना पाणी साधारण ९ टक्क्यांनी फुगते. वरून मी लावलेले वार्निश म्हणजे घट्ट झाकण. आतल्या पाण्याला वाफ होऊन बाहेर पडायला जागा नाही, म्हणून ते झाकणच उचलून टाकते. त्यात ते बिनरंगी, म्हणजे ऊन सरळ आरपार जाऊन खालच्या लाकडाचा वरचा पदर सैल करणार. ज्याला धरून राहायचे तेच सुटल्यावर वार्निश धरणार कशाला? आणि ओटा आडवा. दारावर पाणी पडले तर ओघळून जाते, ओट्यावर बर्फ महिनोन्‌महिने बसून राहतो.

आपण आयुष्यभर सागवान हाताळले, तिथे माझी मती फसली. सागाच्या अंगातच तेल असते, त्यामुळे आपल्या वाड्यांच्या तुळया आणि चौकटी कितीतरी पावसाळे काढून उभ्या आहेत, आणि त्याचे श्रेय आपण आपल्या पॉलिशला देत आलो. पाइन तसे नव्हे, ते पाणी पिते. तू तर तंबोऱ्यांना चपडा, म्हणजे लाखेचे पॉलिश, चढवण्यात जन्म घालवलास. ओल्या पेल्याचा पांढरा डाग चपड्यावर कसा उमटतो हे तुझ्याइतके कोणाला माहीत असणार? तरी अण्णा दोघांनाही एकच सांगत: ‘पिऊ दे, वर चढू देऊ नको.’ तू ऐकलेस. मी कपाटावर वार्निश चढवले, आणि ते घरात होते म्हणून टिकले.

आता खरी अडचण. परवा मुकुंदचा निरोप आला: ‘बाबा, यंदा कोणते लावू?’ त्याने हे माझे मन राखायला विचारले आहे, की त्याला अजूनही माझा भरवसा वाटतो, हे मला ठरवता येत नाही, आणि दोन्हींपैकी जास्त वाईट कोणते हेही कळत नाही. म्हणून उत्तर द्यायच्या आधी मी एक प्रयोग केला आहे, तो वाचून हसू नकोस.

भाजीबाजारातून फळांच्या खोक्याची पाइनची फळी आणली, मधोमध दोन भाग केले. एका भागाला वार्निशचे तीन हात, दुसऱ्याला अळशीच्या तेलात विटकरी रंग कालवून एक पातळ हात, आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर उरलेले तेल फडक्याने पुसून घेतले. दोन्ही भागांत एकेक स्क्रू मारला. मग रोज दिवसभर पाण्याच्या घमेल्यात आणि रात्रभर फ्रीजरमध्ये, असे अकरा दिवस. सुमनने मटाराच्या पिशव्या शेजारणीच्या फ्रीजमध्ये हलवल्या आणि माझ्याशी बोलणे सोडले. सहाव्या दिवशी वार्निशच्या भागात स्क्रूभोवती रुपयाएवढे पांढुरके कडे आले. नवव्या दिवशी मी त्यावर नख टेकवले तर वरची साल दुधावरच्या सायीसारखी हलली आणि खालून पाणी आले. तेलाचा भाग नुसता मंद झाला आहे. त्यावर सोलून निघण्यासारखे काही नाहीच. माझा फ्रीजर म्हणजे ओटावा नव्हे, आणि त्यात ऊनही नाही, हे मला कळते. तरी ते कडे पाहून मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभा होतो.

तेव्हा माझे मत अर्धपारदर्शक, मुरणाऱ्या तेलाचे झाले आहे, म्हणजे त्या पोराने ज्यावर बोट ठेवले होते तेच. छटा मध्यम तपकिरी; फिकी असेल तर ऊन अडत नाही आणि फार गडद असेल तर उन्हाळ्यात नातवाचे पाय भाजतील. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावावे लागेल, पण खरवडत बसावे लागणार नाही. नुसते अळशीचे तेल मात्र नको. सततच्या ओलीत त्याच्यावर बुरशी धरते. डबा बाहेरच्या लाकडासाठी बनवलेलाच हवा.

घोडे अडले आहे ते जुन्या वार्निशपाशी. ते कणभर जरी उरले तरी तेल तिथे मुरणार नाही आणि ठिपके दिसतील. म्हणजे आधी ते उतरवणारे रसायन, मग साठ-ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर. त्याहून बारीक घासले तर लाकडाची छिद्रे बुजतात आणि फळी तेल पीत नाही. मग ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने धुवून काळपटपणा काढायचा, दोन-तीन दिवस कडक वाळू द्यायचे, आणि पाण्याचे थेंब टाकून पाहायचे. थेंब मुरला तर फळी तयार, मोत्यासारखा उभा राहिला तर नाही. लावताना थेट ऊन नको, पारा १० अंशांच्या वर हवा, पुढचा एक दिवस तरी पाऊस नको. फळ्यांच्या टोकांना दोनदा पाजायचे. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप पेटतात. वखारीतली ती रात्र तू विसरला नसशील. मी तरी विसरलो नाही, आणि फडकी कोणी टाकली होती हेही विसरलो नाही.

हे सगळे निस्तरायला मुकुंदचे चार शनिवार-रविवार जाणार, आणि त्याची पाठ दुखते. सोपा मार्ग आहे: उरलेले सैल पापुद्रे काढायचे आणि वरून पूर्ण झाकणारा रंग मारायचा. सगळे लपेल, माझ्या तीन हातांसकट. पण तोही वरचा थरच, पायाखाली आणि बर्फाखाली एक-दोन हिवाळ्यांत तोही सुटेल. दुसरा मार्ग म्हणजे वार्निश उतरवून यंदा फळ्या उघड्याच ठेवायच्या. औषध मुरलेले लाकूड एका हिवाळ्यात कुजत नाही, फार तर करडे पडेल, बारीक चिरा जातील. जून-जुलैत काम उरकले तर थंडीआधी तेल पुरते वाळेल, म्हणून निर्णय याच महिन्यात हवा. माझा कल सगळे उतरवून तेल लावण्याकडे आहे. पण तसे लिहायचे म्हणजे ‘गेल्या वर्षी मी चुकलो, आणि त्याची मेहनत तू कर’ असे पोटच्या पोराला लिहायचे. चार वेळा लिहिले आणि चार वेळा खोडले.

तुझे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाले असे मिलिंदकडून कळले. आता लांबचे स्पष्ट दिसते का? नातीच्या दहावीच्या निकालाचे कळव. नदीकाठचे घर सोडून तुम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलात ते उत्तम केलेत. २०१९ च्या पुरात फुगलेल्या त्या दाराचे पुढे काय झाले ते मात्र तू कधीच लिहिले नाहीस. त्याला तू काय लावले होतेस, ते या वेळी नक्की लिही.

किंवा लिहू नकोस, एसटीने सरळ निघून ये. फळी फ्रीजरमध्येच ठेवली आहे. ती स्वतः हातात घेऊन पाहा, नख लावून पाहा, आणि मग मुकुंदला काय लिहायचे ते माझ्या शेजारी बसून सांग. सुमनने मटारांसाठी रविवारपर्यंतची मुदत दिली आहे.

तुझा,
बाळू

ता. क. कपाट अजून ताईंकडे असेल तर त्याच्या मागच्या बाजूला एकदा नजर टाक. तिथे मी वार्निश लावले नव्हते. तुला तेव्हा सांगितले नाही.