गाडी घेतली, रागवायच्या आधी पूर्ण वाचा

फोंडा, रविवार रात्री

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. हे फोनवर सांगणार होते, पण फोनवर बाबा पहिल्या वाक्यालाच "किती किलोमीटर पळालीय" विचारणार आणि आई मागून "आधी ती जेवली का ते विचारा" म्हणणार आणि माझं सांगणं राहूनच जाणार. म्हणून लिहितेय. आई, तूच मोठ्याने वाचून दाखव, बाबांना रात्रीच्या लाईटखाली बारीक अक्षरं वाचायला लावू नकोस.

तर गाडी घेतली. घेऊ का असं विचारत नाहीय, घेतली. पैसे दिले, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, आरसी माझ्या नावावर व्हायचं काम चालू आहे. नवी नाही, २०१६ची आहे. आणि बाबा, फियाट आहे.

आता तुमचं तोंड मला इथून दिसतंय. फियाट बंद पडली, पार्ट कुठून आणणार, दहा वर्षांची गाडी, त्यातून टर्बो, कोणी सांगितलं होतं. सगळं मी स्वतःला विचारून झालंय बाबा, दोन महिने तेच करतेय. गाडीचं नाव अबार्थ पुंटो. दिसायला आपल्या साखळीच्या मामांकडे होती तसलीच पुंटो, पण आत १.४ लिटरचं टी-जेट नावाचं टर्बो इंजिन आहे, म्हणजे पंख्याने जास्त हवा कोंबणारं, १४५ बीएचपी आणि २१२ न्यूटन मीटर टॉर्क. तुमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं आणि ताकद चाळीसेक हॉर्सपॉवरची, म्हणजे हिच्यात त्याच्या तिपटीहून जास्त झाली. २०१५च्या ऑक्टोबरात ही आली तेव्हा दहा लाखाच्या जरा खाली किंमत होती, मी साडेपाचात घेतली. विंचवाचं चिन्ह आहे पुढे. आई, तू घाबरू नकोस, ज्या माणसाच्या नावाने ही गाडी आहे त्या कार्लो अबार्थची रास वृश्चिक होती म्हणून त्यांनी ते चिन्ह घेतलं, त्यात अशुभ काही नाही, आणि तुझी रासही तीच आहे.

वेगासाठी घेतली नाही हे आधी लिहून टाकते, कारण आईच्या मनात तेच आलं असणार. शून्यापासून शंभरला ही पावणेनऊ सेकंदांच्या आसपास पोचते, पण मी एवढ्या दिवसांत ऐंशीच्या वर फार कमी गेलेय. मला काय हवं होतं तर उसगावच्या रस्त्याला पुढे लोड भरलेला ट्रक असला आणि मागे दुसरा चिकटलेला असला की तिसऱ्या गियरमध्ये दाबलं की पटकन पुढे होऊन परत आपल्या लेनमध्ये यायचं, मधे लोंबकळत राहायचं नाही. माझ्या जुन्या गाडीत तो जीव नव्हता, एसी बंद करून ओव्हरटेक करायचे मी, तुम्हाला कधी सांगितलं नाही. हिला चारी चाकांना डिस्क ब्रेक आहेत, एबीएस आहे, पुढे दोन एअरबॅग आहेत. नवी छोटी गाडी हप्त्यावर आली असती हे खरं, पण पाच वर्षं हप्ता फेडत बसायचं आणि घराच्या छपराचं काम परत पुढच्या पावसाळ्यावर ढकलायचं हे मला नको होतं. शिवाय मला ही आवडली. तेही खरं, ते लपवून काय करू.

आता रोजच्याचं सांगते, कारण तुम्ही विचारणार.

रोज फोंडा ते वेर्णा, बोरीच्या पुलावरून. सकाळी तिथे तोबा गर्दी असते. दोन हजार आरपीएमच्या खाली हे इंजिन सुस्त असतं, टर्बो जागाच होत नाही, मग एकदम जागा होतो. पहिले दोन दिवस गाडी पुढच्याच्या अंगावर जाते की काय असं वाटायचं, आता पायाला कळलंय किती दाबायचं ते. क्लच जड आहे. ट्रॅफिकमध्ये तासभर गेला की डाव्या गुडघ्याच्या वर दुखतं, हे मी आधी चालवून बघितलं होतं आणि तरी घेतली. लिटरला अकरा पडलंय, तेही जपून चालवून. कंपनीने सोळाच्या वर सांगितलं होतं, ते आपल्या रस्त्यांवर कोणालाच मिळत नसणार. महिन्याला पेट्रोलचे साधारण अडीच हजार जास्त जातील असा हिशोब केलाय, आणि तेवढे मी बाजूला काढू शकते, नक्की.

खरी अडचण म्हणजे गाडी खाली आहे. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर. एकटी असले तर काही नाही पण चार माणसं आणि मागे सामान असलं की शाळेसमोरचे ते उभे स्पीडब्रेकर तिरकी करून घ्यावे लागतात. टायरही रुंद आणि बारीक कडेचे, १९५/५५ आर १६, खड्ड्यात जोरात गेली तर रिम वाकायची. म्हणून मी खड्डा दिसला की थांबतेच, मागचा हॉर्न वाजवू दे.

बघायला गेले तेव्हा बाबा, तुम्ही शिकवलेलं सगळं केलं. सकाळी सातला गेले, आधीच सांगून ठेवलं होतं की गाडी चालू करून ठेवू नका, मला थंड इंजिन ऐकायचंय. बॉनेटवर हात ठेवून बघितला, गार होतं. ऑइलचं झाकण काढून उलटं केलं, आतून तपकिरी, पांढरी साय नव्हती, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये उतरत नाहीय. चालू केल्यावर मागे निळा धूर नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात ना, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, त्यावर ३११९ होतं, म्हणजे २०१९च्या एकतिसाव्या आठवड्यातले. नक्षी भरपूर शिल्लक होती पण रबर कडक झालेलं, नख रुतत नव्हतं. आपल्या पावसात असल्या टायरवर मी तुम्हाला बसवणार नाही, चारी बदलायचे म्हणून किंमत कमी करून घेतली आणि खरंच बदलले, बिल दाखवते.

गाडी म्हापशाची, जीए ०३. मालक समुद्राजवळ राहायचे, म्हणून मला सगळ्यात भीती गंजाची होती. आपल्या मेस्त्रींना घेऊन गेले, त्यांनी लिफ्टवर चढवून खालून टॉर्च मारला, स्क्रूड्रायव्हरने ठिकठिकाणी टोचून बघितलं. सायलेन्सरच्या पट्ट्यांना गंज आहे, खालची बॉडी ठणठणीत. दारांचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघितले, सगळे एका ओळीत, कुठे ठोकून परत लावलेलं नाही. मग मी पुढच्या सीटखालचं कार्पेट उचलून, पाणी शिरलेल्या गाडीचा कुबट वास येतो का ते बघितलं. बाबा, तुम्ही मडगावची ती गाडी त्याच वासावरून सोडली होती ना, मी लहान होते पण लक्षात आहे. इथे नुसता धुळीचा वास आला.

दोष सापडला तो गियरमध्ये. थंड असताना दुसऱ्यात टाकताना जरा खरखरतो, दहा मिनिटांनी थांबतो. मेस्त्री म्हणाले सिंक्रो, म्हणजे गियर अलगद बसवणारी आतली कडी, झिजलाय, लगेच काही होणार नाही पण कधीतरी काम निघणार. आणि टायमिंग बेल्ट बदलल्याचा कागद मालकांकडे नव्हता, तोंडी सांगत होते बदललाय म्हणून. मी मानलं नाही. बेल्ट तुटला तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिनच जातं, म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलून घेतले, त्याशिवाय वेर्ण्याला एक फेरीसुद्धा मारली नाही.

पार्टचं म्हणाल तर पुण्याजवळ रांजणगावला जिथे ही बनली त्याच कारखान्यात आता जीप बनतात, फियाटची सर्व्हिसही जीपवाल्यांकडेच होते. खालचं बरंचसं सामान साध्या पुंटोचं किंवा फियाटच्याच लिनियाचं चालतं. फक्त टर्बोचं काही निघालं तर थांबावं लागेल, मागवावं लागेल. म्हणून जुनी गाडी विकली नाहीय, ती आहे शेडमध्ये. म्हणजे कुठलाही दिवस अडणार नाही, तुमचा तर नाहीच.

चोर्ल्याला पण नेली. केरीपासून वर दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये चढवली, इंजिनच्या तापमानाचा काटा अर्ध्यावर होता तो तिथेच राहिला. वर पोचल्यावर एक मिनिट इंजिन चालूच ठेवून मग बंद केली, टर्बोला तसं गार होऊ द्यावं लागतं. आणि बंद केल्यावर ते तापलेलं लोखंड टिक टिक वाजायला लागलं, बाबा, अगदी तसंच. मी सात-आठ वर्षांची असेन, पद्मिनीच्या पुढच्या लांब सीटवर तुमच्या दोघांच्या मधे, कवळ्याच्या जत्रेहून येताना घाट नसलेल्या रस्त्यावरसुद्धा तुम्ही मधे थांबायचात, बॉनेट उघडायचात, आई कळशीतलं पाणी द्यायची आणि मी कान लावून ती टिकटिक मोजायचे. थांबली की निघायचं. स्टिअरिंगजवळचा तो गियर तुम्ही माझ्या हाताने टाकून घ्यायचात, हात तुमचा वरून. ती गाडी का विकली ते मला माहीत आहे. दादालाही माहीत आहे. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही एवढंच.

हे सगळं लिहितेय पण मूळ कारण वेगळंच आहे. श्रावणात बाबा एकटे साखळीहून रात्री येत होते, समोरच्या लाईटने डोळे दिपले आणि रस्त्यात बसलेली गुरं दिसली नाहीत. नशिबाने गाडी कडेच्या मातीत गेली. मला हे तुम्ही सांगितलं नाही, शेजारच्या काकींनी आठ दिवसांनी सांगितलं. त्या रात्री माझी नाईट शिफ्ट होती, फोन लॉकरमध्ये होता, आणि सकाळी आईचे दोन मिस्ड कॉल बघून मी "नंतर करते" म्हणून झोपले. ते मला अजून खातंय.

म्हणून ठरवलंय ते असं. दर दुसऱ्या शनिवारी मी येणार, बाबांना बांबोळीला डोळ्यांच्या ओपीडीला मीच नेणार, आमोण्याच्या पुलावरून बाणस्तारी, ओल्ड गोवा करून, बसचा त्रास नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन डॉक्टर म्हणतील त्या तारखेला करायचं, "चवथ होऊ दे, मग बघू" नाही. आणि बाबा, तोवर रात्रीचं ड्रायव्हिंग बंद. तुम्हाला गाडी येत नाही असं कोण म्हणेल, मला आली ती तुमच्यामुळे. दिवसा वाळपईच्या बाजारापर्यंत खुशाल न्या. पण उजेड गेला की चावी आईकडे. आई, तू ती देवघरातल्या डब्यात ठेव, बाबा सोवळ्याशिवाय तिथे हात घालत नाहीत. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांना विचारू आणि तेव्हा तुम्ही ही माझी गाडी चालवायची, चोर्ल्यापर्यंत, मी बाजूला बसेन.

आई, तुझ्या गुडघ्यांचाही विचार केलाय. सीट खाली आहे, बसताना धपकन बसावं लागतं आणि उठताना त्रास. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना बसवून बघितलं, त्यांचेही गुडघे तुझ्यासारखेच, मागून त्यांना उठताच येईना, पुढून जमलं. म्हणून तू पुढे बसायचंस आणि बाबांनी मागे, यावर वाद नको. तीन इंची कडक फोमची उशी शिवून घेतलीय, तीही बसवून बघितली, बरं पडतं. एसी दुपारी बाराला उन्हात उभी करून तपासला, दहा मिनिटांत पुढे गार होतं, मागे जरा वेळ लागतो. डिकीत पन्नासेक नारळ, सुपारीची एक गोणी आणि चवथीच्या माटोळीचं सामान सहज बसेल. पण एकदम सगळं नको देऊस, खाली घासेल.

बीपीची गोळी सकाळी पेजेबरोबर, नंतर नाही. बाबा, झाडांना पाणी लावायला गेलात तरी फोन खिशात ठेवा, ओट्यावर नको. विम्याचे कागद आणि आरसी आली की एक झेरॉक्स तुमच्याकडे ठेवीन, ती कपाटात न ठेवता कॅलेंडरच्या मागे लावा म्हणजे सापडेल.

येत्या शनिवारी साडेसातपर्यंत पोचते. पोदेराकडून चार पाव जास्त घेऊन ठेव आई. बाबा, आधी बॉनेट उघडून तुम्ही ऐकायचं, दुसऱ्या गियरची खरखर तुम्हाला काय वाटते ते मला सांगायचं, मेस्त्रींपेक्षा मला तुमचं ऐकायचंय. आणि गेटच्या उताराला तो मधे वर आलेला दगड आहे ना, त्याला माझी गाडी नक्की लागणार. तेवढा काढून ठेवायला गड्याला सांगा. तुम्ही स्वतः पहार घेऊ नका.

तुमची,
बाय