रात्री तीनला खुर्चीवर कोण?

महोदय,

शहराच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाची रचना आणि मनुष्यबळ तपासायला बाहेरची संस्था नेमणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली. तपासणी व्हायलाच हवी. पण लोकसंख्येच्या दर हजारी कर्मचारी किती, हे पाहून शिफारशी होतील, असे बातमीच्या शेवटी म्हटले आहे. तिथे थबकलो. नोकरीची बरीच वर्षे नियंत्रण कक्षात गेली, त्यातली काही ड्यूटी लावण्यात. ड्यूटी लावणाऱ्याला या दर हजारी आकड्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

हे माझे एकट्याचे मत नाही. पोलीस प्रमुखांची आंतरराष्ट्रीय संघटनाही मनुष्यबळ ठरवताना हे गुणोत्तर सर्वस्वी गैरलागू मानते. सारख्या लोकसंख्येच्या दोन शहरांत एकाकडे उंच इमारती आणि रसायनांची गोदामे असतात, तर दुसरे रात्री नऊला झोपते. शिवाय बाहेरगावाहून रोज कामाला येणारे जनगणनेत इथले नसतात, फोन मात्र इथेच करतात.

मोजायच्या त्या खुर्च्या. एक खुर्ची वर्षभर रात्रंदिवस भरलेली ठेवायची तर ८,७६० तास लागतात. आठवड्याला ४० तासांच्या हिशेबाने एक कर्मचारी कागदावर २,०८० तास देतो. त्यातून हक्काची रजा, सण, आजारपण, प्रशिक्षण, न्यायालयातल्या साक्षी असे वर्षाला ३०० तास गेले असे धरा. उरले १,७८०. भागाकार करून पाहा, जवळपास पाच येतात. म्हणजे एका खुर्चीमागे पाच माणसे. ‘तीन पाळ्या, तीन माणसे, वर एक रजा राखीव’ असा आकृतिबंध मंजूर होतो, तेव्हा एक माणूस पहिल्या दिवसापासूनच कमी असतो. तो जादा कामातून, रद्द केलेल्या रजेतून भरून काढतात. थकलेला माणूस मग आजारी पडतो आणि खड्डा आणखी वाढतो. यात पद रिक्त राहण्याचा प्रश्नच आलेला नाही. सगळी पदे भरलेली असतानाची ही गोष्ट आहे.

एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. कक्षात फोन घेणाऱ्यांच्या दोन खुर्च्या, दुसरीच्या पाठीवर नुसते जाकीट. त्या माणसाला संध्याकाळीच बंदोबस्ताला पाठवलेले. हजेरीपटावर मात्र तो ‘हजर’, आणि ते खोटेही नव्हते, कारण तो ड्यूटीवर होताच, फक्त इथे नव्हता. आगीची वर्दी आली तेव्हा पहिल्या खुर्चीवरचा सहकारी एका घाबरलेल्या बाईंशी बोलत होता. फोन ठेवता येईना. दुसरा फोन किती वेळ वाजला ते कुठल्याही नोंदवहीत सापडणार नाही, कारण वेळेची नोंद फोन उचलल्यापासून सुरू होते! तपासणाऱ्यांनी घड्याळ कुठून लावले आहे, हे आधी विचारावे.

सरासरीचेही तसेच. नऊ वर्द्यांना गाडी चार मिनिटांत पोचली आणि दहाव्या वेळी वीस मिनिटे लागली, तर सरासरी साडेपाच-पावणेसहा येते. अहवालात ती छान दिसते. पण दहावे घर जळालेले असते. अमेरिकेत २००१ साली आलेल्या अग्निशमन दलांच्या १७१० क्रमांकाच्या मानकात म्हणूनच सरासरी नाही. पहिली गाडी दहापैकी नऊ वेळा चार मिनिटांच्या प्रवासात पोचावी आणि तिच्यावर किमान चार जवान असावेत, अशी ती भाषा आहे. हेच आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू करा असे म्हणत नाही, पण मोजण्याची रीत घ्यायला हरकत नाही.

उलट बाजूही मांडतो, नाहीतर मी फक्त भरतीची वकिली करतो आहे असे वाटेल. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये काही भागांतली नेहमीची गस्त थांबवली, काहींत दोन-तीनपट केली, काहींत होती तशीच ठेवली. गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा माणसे वाढवण्याआधी असलेली काय करतात ते पाहावे. टपाल नेणे, टंकलेखन, साहेबांच्या कार्यालयात ‘तात्पुरते’ जोडलेले असणे (हे तात्पुरते मी वर्षानुवर्षे पाहिले आहे) यासाठी गणवेशातला प्रशिक्षित माणूस कशाला?

पोलीस आणि अग्निशमन एकत्र करून खर्च वाचवण्याची कल्पनाही बातमीत डोकावते. कॅलिफोर्नियातल्या सनीवेल शहरात १९५० पासून तशी व्यवस्था आहे आणि ती चालते, हे खरे. पण तिथला कर्मचारी दोन्ही कामे शिकलेला असतो, आणि दोन्हींचा सराव टिकवायचा तर प्रशिक्षणाचे तास वाढतात. वरच्या भागाकारात ३०० च्या जागी ४०० घालून पाहा. शिवाय मोठी आग लागली की गस्तीवरची माणसे तिकडे जाणार. त्या तासाला रस्त्यावर कोण, याचे उत्तर आधी कागदावर हवे.

माझी मागणी छोटी आहे. अहवालात मंजूर पदे आणि भरलेली पदे हे दोन रकाने असतीलच. तिसरा जोडावा: गेल्या वर्षातल्या प्रत्येक रात्री तीन वाजता त्या-त्या जागी प्रत्यक्ष किती जण होते. हजेरीपट, बंदोबस्ताचे आदेश आणि बिनतारी संदेशांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की हा रकाना भरता येतो. काम कंटाळवाणे आहे, पण दोन कारकून महिनाभरात करतील.

– नियंत्रण कक्षातील एक निवृत्त कर्मचारी