आजोळी कुणाला ऐकू कमी येतं का?

संपादक महोदय,

जागतिक पक्षाघात दिनानिमित्त (२९ ऑक्टोबर) तरुणांना येणाऱ्या झटक्यांवर आपण लेख छापलात, बरं केलंत. सिगारेट, बीपी, जागरणं सगळं त्यात आलं. एक गोष्ट राहिली. ती आमच्याच घरात घडली, म्हणून लिहितो.

भाची १९ वर्षांची. दोन दिवस डोकं दुखून उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी जेवताना उजवीकडची भाजी-आमटी संपली, डावीकडची चटणी-कोशिंबीर जशीच्या तशी. वर आईला म्हणते, ‘आज कोशिंबीर नाही केलीस?’ ताटाची डावी बाजू तिला दिसतच नव्हती. रात्री फिट आली.

पुण्यातल्याच एका रुग्णालयात पक्षाघात म्हणून उपचार सुरू झाले. आठवड्याने दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टबाईंनी एमआरआय पाहिला. डाग कुठल्याही एका रक्तवाहिनीच्या हद्दीत बसत नाही, म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष माझ्या कानातल्या यंत्राकडे गेलं. ‘मामा, हे कधीपासून?’ पस्तिशीपासून, शुगरही तेव्हाचीच. आमच्या आईला दोन्ही होतं. ‘आपलं घराणंच बहिरं’ म्हणत आम्ही ते हसण्यावारी नेत आलो.

रक्तात लॅक्टेट (पेशींना ऊर्जा नीट बनवता आली नाही की साचणारं द्रव्य) वाढलेलं निघालं, जनुकीय तपासणीत मायटोकाँड्रियाच्या डीएनएत ३२४३ क्रमांकाच्या जागी बदल सापडला. आजाराचं नाव मेलास. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातच हा दोष असतो. मेंदूच्या बारीक धमन्यांच्या भिंतींतही असे सदोष मायटोकाँड्रिया साचतात. नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, वाहिन्या हव्या तेव्हा रुंदावत नाहीत. त्यात मेंदूच्या पेशी आधीच अर्धपोटी. नेहमीच्या पक्षाघातासारखी मोठ्या वाहिनीत गुठळी अडकलेली नसते. म्हणून बरेच डॉक्टर आर्जिनिन देतात, ज्यापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं; आणि फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट हे औषध शक्यतो टाळतात, कारण ते मायटोकाँड्रियांना आणखी त्रासदायक ठरू शकतं. भाचीला आठवडाभर नेमकं व्हॅल्प्रोएटच चालू होतं.

मायटोकाँड्रिया आईकडून येतात, त्यामुळे माझी मुलं सुटली. सदोष मायटोकाँड्रियाचं प्रमाण प्रत्येकात वेगळं, म्हणून मला नुसतं यंत्र नि शुगर आणि भाचीला झटका. यात बहिणीचा काय दोष? पण ती स्वतःलाच बोल लावत बसते.

केसपेपर भरताना ‘घरात बीपी-शुगर आहे का?’ एवढंच विचारतात. झटका आलेला रुग्ण तरुण असेल, तर आजोळी कुणाला ऐकू कमी येतं का, हेही विचारावं. पहिल्या रुग्णालयात विचारलं असतं, तर यंत्र लावून मी खाटेशेजारीच बसलो होतो.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे