जर्नलला एकच तारीख नको

संपादक महोदय,

जानेवारी लागला की सोलापुरात दहावी-बारावीच्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘गड्डा झाला की बसतो.’ गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. संक्रांतीच्या सुमाराला अक्षता, होम, शोभेचे दारूकाम होऊन जाते. होम मैदानावरचे पाळणे मात्र त्यानंतरही फिरतच असतात. २०२५ मध्ये बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा २४ जानेवारीला सुरू झाल्या आणि लेखी ११ फेब्रुवारीला. म्हणजे गड्डा ‘होईपर्यंत’ बाहेरचे परीक्षक प्रयोगशाळेत येऊन बसतात आणि जर्नलची, म्हणजे प्रयोगवहीची, निम्मी पाने कोरी असतात.

यावर घरात ठरलेले निदान, पोरगं आळशी आहे. तेच पोरगं मंडळाच्या मिरवणुकीसाठी लेझमाचा सराव एक दिवस चुकवत नाही. तो टाळतो ते काम नव्हे, वही उघडल्यावर ‘एवढं राहिलंय’ हे बघून पोटात येणारा गोळा टाळतो. टोमण्यांनी तो गोळा वाढतो, म्हणून वही आणखी दूर जाते.

भौतिकशास्त्राचे जर्नलच घ्या. एका प्रयोगाची आकृती, निरीक्षण तक्ता, आकडेमोड, आलेख आणि निष्कर्ष नीट लिहायला पाऊण तास लागतो. दहा प्रयोग साचले की साडेसात तास. मग दोन रात्रींत मित्राची वही समोर ठेवून उतरवून काढायचे. ताणलेल्या तारेच्या कंपनांच्या प्रयोगात, म्हणजे सोनोमीटरमध्ये, कंप्रता आणि तारेची लांबी यांचा गुणाकार जवळपास सारखा यायला हवा : २५६ हर्ट्झला ४० सेंमी, ३२० ला ३२, ५१२ ला २०. मध्येच ३८४ पुढचे २६.७ घाईत ३६.७ असे उतरते, गुणाकार दहा हजारांवरून चौदा हजारांवर उडतो आणि आलेखातला तो बिंदू रेषेबाहेर पडतो. तोंडीला बोट नेमके त्यावर पडते. ज्याने प्रयोगाच्या दिवशीच आलेख काढला, त्याला ही चूक तारेसमोरच दिसली असती.

यात दोष फक्त मुलांचा नाही. बऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयांत जर्नल जमा करायची एकच तारीख असते, तीही वर्षाच्या शेवटी. एरिएली आणि वर्टेनब्रॉक या संशोधकांचा २००२ चा प्रयोग इथे लागू पडतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांना तीन मजकुरांतल्या चुका शोधायला दिल्या होत्या. दर आठवड्याची तारीख बाहेरून बांधून दिलेल्यांनी सर्वांत जास्त चुका शोधल्या, तारखा स्वतः ठरवणारे मधे राहिले आणि शेवटची एकच तारीख असलेले सर्वांत मागे.

शाळा-कॉलेज बदलेपर्यंत मुलांनी थांबायचे कारण नाही. रंगीत पेनांनी आखलेले वेळापत्रक फार तर तीन दिवस टिकते, कारण त्यात पाणी सुटण्याचा दिवस धरलेला नसतो. त्या सकाळी घरातले सगळे हंडे-पिंप भरायला लागतात आणि ‘५ ते ७ रसायन’ वाहून जाते. एकदा मोडले की पुढचा मुहूर्त थेट सोमवारचा! त्याऐवजी कागदावर एकच ओळ लिहावी, तीही घरातल्या घडामोडीला बांधून : ‘संध्याकाळचा चहा झाला की सोनोमीटरचा तक्ता आखणार.’ ‘फिजिक्स करणार’ असे लिहिले तर हात कशाला लावायचा तेच ठरत नाही. तक्ता आखायला पेन्सिल, पट्टी आणि दहा मिनिटे पुरतात. आखून झाला की आकडे भरावेसे वाटतातच.

पंचवीस मिनिटे अभ्यास आणि पाच मिनिटे सुटी ही पद्धत पाठांतराला बरी. लांबलचक गणितात पंचविसाव्या मिनिटाला उठलात तर धागा तुटतो, तिथे पन्नास मिनिटे धरा. सुटीत मोबाइल मात्र नको. पाच मिनिटांचे रील पाऊण तास खाते. गजर लावायला साधे घड्याळ घ्यावे.

वेळेचा अंदाज दीडपट धरा. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रबंधाला सरासरी ३४ दिवस लागतील असे विद्यार्थ्यांनी सांगितले होते, लागले साडेपंचावन्न.

आणि पालकहो, ‘अभ्यास झाला का?’ ऐवजी ‘आज कुठला प्रयोग?’ एवढेच विचारा. दिवस वाया गेला तर तो उगाळू नका. पहिल्या परीक्षेआधीच्या टाळाटाळीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली, असे २०१० च्या एका अभ्यासात दिसले आहे.

प्राचार्यांना आमची विनंती एवढीच, की जर्नल तीन टप्प्यांत तपासावे : पहिले चार प्रयोग दिवाळीच्या सुटीआधी, पुढचे चार नोव्हेंबरअखेर, उरलेले नाताळापूर्वी. दर टप्प्याला सही आणि तारीख, आणि त्याच दिवशी एका आलेखावर दोन प्रश्न.

— अभ्यासिकेत मार्गदर्शन करणारे काही शिक्षक, सोलापूर