सॉकेटची टोपी जपायला लावणाऱ्या आण्णांना

आदरणीय आण्णा,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी कोल्हापूरच्या सेवा केंद्रातून माझ्या कॉम्प्युटरचा बदली बोर्ड हातात आला, म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर-रॅम सगळं ज्यावर बसतं तो. रात्रीच मशीन जोडलं. दोन्ही रॅम दिसल्या, पूर्ण ९६ जीबी. तुम्हाला फोन करायला घेतला आणि थांबले, कारण फोनवर तुम्ही "बरं झालं" म्हणून ठेवून दिला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आपल्याकडे तासगाव, जत, पलूसपासून पोरं तीन-तीन लाख जमवून सांगलीत तुमच्या दुकानात मशीन बांधायला येतात आणि ग्राफिक्स कार्ड सोडून कशाचीच चौकशी करत नाहीत. मीही तशीच आले होते.

२०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. प्रोसेसर रायझन ९ ९९५०एक्स ठरला होता. बोर्डासाठी एक्स ८७० ई जातीच्या सगळ्यात महागड्या बोर्डाचं पान मोबाईलवर उघडून मी तुमच्यापुढे धरलं. तुम्ही ते बघितलंच नाही. "पोरी, आधी काम सांग. काय करतीस त्या मशीनवर?" मी सांगितलं, ड्रोननं जुन्या वाड्यांचे, देवळांचे फोटो काढते आणि त्या दोन-अडीच हजार फोटोंतून थ्रीडी मॉडेल तयार करते. मग विचारलंत, रॅम किती लागते, फोटो कुठल्या डिस्कवर असतात, मशीन एका वेळी किती तास चालतं. असं मला कुठल्या दुकानात कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर त्या बोर्डाची पुस्तिका तुम्ही काढायला लावलीत आणि शेवटाकडच्या बारीक अक्षरांतल्या तक्त्यावर बोट ठेवलंत. दुसऱ्या एम.टू खाचेत एसएसडी बसवली की ग्राफिक्स कार्डाच्या सोळा लेनच्या, म्हणजे माहिती धावायच्या वाटांच्या, आठ होतात, असं तिथं लिहिलेलं होतं. प्रोसेसरकडं बाहेर द्यायला चोवीसच लेन, त्यातल्या चार एक्स ८७० ई वर यूएसबी ४ साठी जातात. मला यूएसबी ४ नको होतं, वेगवान एसएसडी मात्र दोन हव्या होत्या. हिशेब तुम्ही वीजबिलाच्या पाठीमागं मांडून दिलात. तो कागद अजून माझ्याकडं आहे.

म्हणून यूएसबी ४ ची सक्ती नसलेल्या बी ६५० ई जातीच्या बोर्डावर तुम्ही आणलंत. रॅमच्या चार काड्या घ्यायचा माझा हट्टही सोडवलात. चार मोठ्या काड्या भरल्या की हा प्रोसेसर अधिकृतपणे ३६०० चाच वेग देतो, दोनच लावल्या तर ५६००. म्हणून ४८ च्या दोन. पॉवर सर्किटवरचा हीटसिंक, उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा, माझ्या हातात देऊन म्हणालात, "वजन बघ. एप्रिल-मेमधी सांगलीत दुपारी तुझं मशीन रेंडरला बसणार. हा प्रोसेसर २३० वॅटपर्यंत ओढतोय." बोर्ड प्रोसेसरापेक्षा आधी निघालेला, म्हणून प्रोसेसर न बसवताच मागच्या बटणानं पेनड्राइव्हवरून बायोस, म्हणजे बोर्डाचं आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदललात. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं पडदा काळा राहील, रॅमची जुळवणी चाललेली असते, तेव्हा बटण दाबायचं नाही, हे आधीच सांगून ठेवलंत. ती काही मिनिटं मी हात मांडीखाली धरून बसले होते.

वॉरंटीवर तुम्ही बोललात ते मला तेव्हा किरकोळ वाटलं होतं. तोच बोर्ड एके ठिकाणी नऊ हजारांनी स्वस्त मिळत होता, बाहेरून आणलेला. माझं मन तिकडं ओढत होतं. तुम्ही दोनच प्रश्न केलेत. कंपनीची इथली तीन वर्षं त्याला लागू आहेत का? आणि बोर्ड बंद पडला तर सांगलीहून सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल, असं केंद्र कुठं आहे? पहिल्याचं उत्तर "दुकानदार बघून घेईल" असं आलं, तेव्हा तो विषय तिथंच संपवलात. जीएसटी बिल माझ्या नावावर, बिलावर सीरियल नंबर, आणि तो खोक्यावरच्या, बोर्डावरच्या नंबराशी जुळतोय का हे दुकानातच उभं राहून बघायचं. हे सगळं तुम्ही घोकून घेतलंत. माझ्या आधीच्या मशीनच्या वेळी एका दुकानदारानं चिठ्ठीवर "१ वर्ष गॅरंटी" लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी कुठल्याच केंद्रानं घेतली नव्हती. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती.

आणि ती टोपी. सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, तिच्यावरचं काळं प्लास्टिकचं झाकण. प्रोसेसर बसवताना ते निघालं आणि मी केराच्या डब्याकडं वळले, तेव्हा तुम्ही खरंच ओरडलात. या सॉकेटात पिना बोर्डावर असतात, १७१८, आणि एखादी वाकली तरी कंपनी हात वर करते. टोपीशिवाय बोर्ड पाठवला तर कित्येक जण तो घेतच नाहीत, पुस्तिकेत तसं छापलेलं असतं. प्रोसेसर बसण्याआधी सॉकेटचा जवळून फोटो काढायला लावलात. टोपी मी बिलासोबत स्टीलच्या डब्यात ठेवली.

या जुलैत वाईजवळच्या एका वाड्याचं काम चालू होतं. पावसानं त्याची मागची भिंत खचली होती, मालक दसऱ्याआधी वाडा उतरवणार होते. मोजमाप त्याआधीच व्हायला हवं होतं. त्याच आठवड्यात मशीनला ४८ जीबीच दिसायला लागली. तुम्ही दोन्ही काड्या एकेक करून दोन्ही खाचांत लावून बघितल्यात, प्रोसेसर काढून भिंगातून पिना तपासल्यात. सगळ्या सरळ. एक खाच मेली होती, म्हणजे बोर्ड. केंद्रात त्यांनी फोटो बघितला, टोपी बघितली, बिल बघितलं आणि दहा मिनिटांत पावती दिली. माझ्यापुढं रांगेत मिरजेचा एक मुलगा होता, त्याच्याकडं टोपी नव्हती. त्याचा बोर्ड परत केला त्यांनी.

ते सोळा दिवस तुम्ही तुमचा टेस्टिंगचा बोर्ड मला दिलात. पैसे विचारले तर दुसऱ्याच कुणाच्या मशीनबद्दल बोलायला लागलात. २०१९ ला कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा दुकानातलं सगळं तुम्ही पाण्यात बघितलं होतं. "पाण्याला वॉरंटी न्हाई" एवढंच त्यावर तुम्ही कधीतरी म्हणालात. त्यातून वाचलेल्या सामानापासून पुन्हा उभं राहिलेल्या माणसानं आपला हाताचा बोर्ड असा काढून द्यावा, हे माझ्या मनातून जात नाही.

वाड्याचं मॉडेल पूर्ण झालंय. ओसरीच्या खांबावरची नक्षीसुद्धा त्यात नीट आलीय. मालकांच्या आईंनी ते पडद्यावर फिरवून बघितलं, स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबवायला सांगितलं आणि बराच वेळ तिथंच बघत राहिल्या. तुमच्या बोर्डावर झालेलं काम आहे ते, म्हणून तुम्हीही एकदा बघावं अशी इच्छा आहे.

बदली बोर्डाची वॉरंटी जुन्याच तारखेपासून धरली आहे, पावतीवर तसं लिहून घेतलंय. त्याची टोपी डब्यात गेली. तुमचा बोर्ड पुसून, त्याच्या टोपीसकट भरून ठेवलाय. रविवारी सकाळी लॅपटॉप आणि भडंग घेऊन येते.

आपली,
विश्रामबागेतली ड्रोनवाली