वेळास किनारा : कासव-गस्त व स्वच्छतेसंबंधी सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, मंडणगड तालुक्यातील वेळास किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांचा विणीचा हंगाम सुरू असून येत्या शनिवारी व रविवारी पहाटेच्या गस्तीसाठी आणि किनारा-स्वच्छतेसाठी स्वयंसेवक हवे आहेत. मादी रात्री वाळूत साधारण १०० ते १५० अंडी घालून परतते. मागे उरतो तो वल्ही ओढल्यासारखा माग, आणि कोल्ही-कुत्री पोहोचण्याआधी तो शोधून अंडी कुंपणातील घरट्यात हलवावी लागतात. हे काम गावातील कासवमित्रच करतील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण असल्यामुळे सभासदांनी अंड्यांना हात लावू नये.

पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात, म्हणून किनाऱ्यावर मोबाइलचे दिवे पूर्ण बंद ठेवावेत. (मागील खेपेस हे दोनदा सांगावे लागले होते.) वाळूत रुतलेली नायलॉनची जाळी ओढू नयेत, कापूनच काढावीत, त्यासाठी कोयती व जाड हातमोजे सोबत आणावेत.

राहण्याची सोय गावातील घरांत असल्याने गुरुवारपर्यंत चिटणीसांकडे नावे द्यावीत.